पंचफुलाबाईंचा रविवार

पळायला सुरुवात करण्याआधी पंचफुलाबाई पोटभर खोकून घ्यायच्या. ‘पोटभर’ हा शब्द त्यांचाच. यवतमाळला लागून असलेल्या लोहाऱ्याच्या बाहेर वनखात्याचं एक उद्यान होतं. रविवारी सकाळी सहाच्या सुमाराला त्याच्या फाटकाजवळच्या सागाला एक हात लावून त्या उभ्या राहायच्या आणि दोन-तीन मिनिटं, कुणाचीही भीडभाड न ठेवता, खोकायच्या. नवख्या माणसाला वाटायचं, आता या बाई खाली बसणार, कुणीतरी पाणी आणा. मग त्या डोळे पुसायच्या, लुगड्याचा काष्टा घट्ट करायच्या, वरून चढवलेल्या निळ्या पुरुषी शर्टाच्या बाह्या दुमडायच्या आणि म्हणायच्या, “झालं. इंजन गरम झालं. चाला.”

आणि खरोखरच पळायला लागायच्या. टेकडी, तलावाचा बांध, सागाची रांग आणि परत फाटक, अशी सव्वा किलोमीटरची एक फेरी. अशा चार.

मी मूळची सांगलीकडची. यवतमाळच्या एका महाविद्यालयात भूगोल शिकवायची नोकरी लागली म्हणून एकटीच इकडे आले. वय अडतीस, वजन विचारू नका. डॉक्टरांनी चालायला सांगितलं होतं. एका विद्यार्थिनीनं उद्यानातल्या रविवारच्या पळण्याबद्दल सांगितलं. “मॅडम, कोणीही येतं. नाव नोंदवायचं नाही, काही नाही. एकदा येऊन तर पाहा.” मी डिसेंबरातल्या एका रविवारी शाल गुंडाळून, हातात पिशवी घेऊन गेले. म्हणजे कुणी विचारलंच तर बाजाराला निघाले होते असं सांगता आलं असतं.

पंधरा-वीस माणसं जमली होती. ट्रॅकपँट घातलेले दोन निवृत्त गृहस्थ, कॉलेजच्या चार मुली, एका दवाखान्यातला कंपाउंडर, आणि लुगड्यावर पुरुषांचे जुने शर्ट घातलेल्या दहा-अकरा बायका. मी कडेला उभी राहिले. खोकणं आटोपलेल्या त्या बाई थेट माझ्याकडे आल्या.

“पाहाले आल्या का पयाले?”

मला आधी कळलंच नाही. वऱ्हाडात ‘ळ’चा ‘य’ होतो आणि पळायला हे ‘पयाले’ होतं, हे मला पुढं सवयीनं समजू लागलं. अंदाजानं म्हणाले, “पाहायला आलेय.”

“पाहाचं असन त यवतमाळात टाकीज हाये. इथं पाहासारखं काई नाई.” त्यांनी माझ्या हातातली पिशवी घेतली, माझी शाल काढून तिच्यात कोंबली आणि पिशवी फाटकावरच्या चौकीदाराच्या खुर्चीला अडकवली. “दौलतभाऊ, मॅडमची थैली पाहाजो.”

मी पन्नास पावलं पळाले असेन. छातीत भाता चालू झाला. थांबले, कमरेवर हात ठेवले. बाकीचे पुढं निघून गेले होते. पंचफुलाबाई मात्र माझ्या शेजारीच होत्या.

“तुम्ही जा पुढं,” मी म्हटलं.

“कायले जाऊ? सगळ्याईच्या मांगं जो राह्यते त्याच्यासंगं मी राह्यतो. आज तुमी हाये.” मग माझ्याकडे निरखून बघत म्हणाल्या, “लाजू नका व. दम लागला म्हंजे जीव हाये.”

त्या दिवशी आम्ही दोघींनी एकच फेरी पुरी केली, तीही निम्मी चालत. पण पुढच्या रविवारी मी शाल न घेता गेले. त्यानंतर कित्येक महिने सगळ्यांच्या मागं मीच असायची, आणि म्हणून पंचफुलाबाई मला जितक्या मिळाल्या तितक्या इतर कुणाला मिळाल्या नसतील. एखाद्या माणसाची ओळख बसून गप्पा मारताना होते त्यापेक्षा धापा टाकताना जास्त खरी होते. धापा टाकताना शोभेचं काही बोलता येत नाही.

त्या घाटंजीकडच्या एका खेड्यातल्या. लग्न होऊन लोहाऱ्याला आल्या. नवरा ट्रकवर क्लीनर होता, मग ड्रायव्हर झाला, आणि कावीळ होऊन गेला तेव्हा मुलगा प्रकाश पाच वर्षांचा होता. त्यानंतर औद्योगिक वसाहतीतल्या एका जिनिंगमध्ये पंचफुलाबाई कामाला लागल्या, त्या बावीस वर्षं तिथंच होत्या. जिनिंग म्हणजे कापसातून सरकी वेगळी करायचा कारखाना. बायका कापसाच्या ढिगात कमरेइतक्या उभ्या राहून तो मशीनमध्ये लोटत. हवेत सतत बारीक तंतू उडत असायचे. “केसात, नाकात, भाकरीत. पोट्ट्याले जवळ घेतलं त त्याच्या पापनीले चिकटे,” त्या सांगायच्या. लुगड्यावर शर्ट घालायची सवय तिथलीच. कापूस वेचणाऱ्या बायका घालतात तसाच.

मग कापसाची ती वाईट वर्षं आली. भाव पडले, गाड्या येईनाशा झाल्या. दोन पाळ्यांत चालणारं जिनिंग आधी एका पाळीवर आलं, मग हंगामातले दोनच महिने चालू लागलं, आणि एका दिवाळीनंतर फाटक उघडलंच नाही. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळं त्या वर्षांत आमच्या जिल्ह्यात मुंबई-दिल्लीहून माणसं येत होती. समित्या येत, कॅमेरे येत, गाड्या खेड्यांकडे धुरळा उडवत जात. लोहाऱ्याच्या वस्तीवरून त्या रोज जायच्या, थांबायची एकही नाही.

“शेतकऱ्याचं दुख खरंच हाये, मी नाई म्हनत नाई,” पंचफुलाबाई एकदा बांधावर चालता चालता म्हणाल्या. “माहा भाऊच शेतकरी हाये. पन कापूस शेतातच संपते का? थो कोनाच्या छातीत जाऊन बसला, थे कोनी पाहाले आलं नाई.”

जिनिंग बंद पडल्यावर त्या जवळच्या शेतांवर निंदायला, वेचायला जाऊ लागल्या. पण बावीस वर्षांची सवय. पहाटे भोंग्याच्या वेळी डोळा उघडायचा आणि मग अंथरुणात खोकत पडून राहावं लागायचं. घर दोन खोल्यांचं. पलीकडं मुलगा आणि सून वंदना. “म्हनलं, आपल्या खोकल्यानं लेकराईची झोप कायले मोडाची?” म्हणून त्या उठून उद्यानाकडे जाऊ लागल्या. एकदा टेकडीच्या उतारावर, आसपास कुणी नाही असं बघून, त्या पळाल्या.

“कायले पळालात?” मी विचारलं. एव्हाना माझ्याही तोंडात ‘कायले’ बसला होता.

“कायले म्हंजे? उतार होता, पाय होते.” त्या हसल्या. “सात-आठ वर्साची होती तवा पयली होती. मंग एकदम बावन्नाव्या वर्सी. मधात कोनी पयूच देल्लं नाई. खाली जाऊन उलटी झाली, डोयापुढं अंधारी आली. पन अशी हासली मी, अशी हासली! त्या दौलतभाऊले वाटलं बाईले भूत लागलं.”

इकडच्या बायका स्वतःबद्दल ‘मी जातो, मी करतो’ असं बोलतात. सांगलीच्या कानाला सुरुवातीला ते गमतीशीर वाटायचं. पंचफुलाबाईंच्या तोंडून ‘मी पयतो’ ऐकलं की मात्र ते वाक्य दुसऱ्या कुठल्याही तऱ्हेनं म्हणता येणार नाही असं वाटायचं.

त्या पहिल्या पळण्यानंतरच्या आठवड्यात त्यांनी जिनिंगमधल्या जुन्या मैत्रिणींना आणलं. आधी तिघी, मग सहा, मग दहा. उद्यानात फिरायला येणारे शहरातले लोक आधी थांबून बघत राहिले, मग हसले, मग त्यांच्यातलेही काही पळू लागले. इतर दिवशी बायका मजुरीला जात, म्हणून रविवार ठरला. ना मंडळ, ना फलक. एका उत्साही गृहस्थानं शिट्टी आणि घड्याळ आणलं होतं. पंचफुलाबाईंनी त्यांना सांगितलं, “दादा, शिट्टी घरी ठेवा. बावीस वर्स आमी भोंग्यावर चाललो. आता नाई.”

घरी मात्र सगळं सरळ नव्हतं. प्रकाश गॅरेजमध्ये काम करायचा. साधा, अबोल मुलगा. त्याला आईची लाज वाटायची. एकदा मी त्यांच्याकडे चहाला बसले असताना त्यानं माझ्यासमोरच विषय काढला. त्याला वाटलं असावं, मास्तरीणबाई आहेत, आपल्या बाजूनं बोलतील.

“मॅडम, तुमीच सांगा हिले. गॅरेजवर लोक मले इचारते, तुही माय कायले पयते रे? कोन मांगं लागलं हाये तिच्या?”

“मंग सांगाचं ना,” पंचफुलाबाई चुलीपुढून म्हणाल्या, “कोनी मांगं लागलं नाई म्हनूनच पयते. मांगं लागत होते तवा उभीच होती.”

प्रकाश उठून गेला. वंदना खाली मान घालून हसत होती.

मी पळू लागल्याला वर्ष झालं असेल, तेव्हा शहरातल्या एका मंडळानं ठरवलं की शेतकऱ्यांसाठी एक मोठी दौड घ्यायची. जागा हेच उद्यान, दिवस रविवारच. मंडळाचे अध्यक्ष गाडीतून पंचफुलाबाईंच्या घरी आले. मी योगायोगानं तिथंच होते. अध्यक्ष मनानं वाईट नव्हते, हे मी मुद्दाम सांगते. त्यांना खरोखरच वाटत होतं की ते चांगलं काम करताहेत.

“बाई, तुम्हाला आम्ही स्टेजवर बसवणार,” ते म्हणाले. “पांढरं पातळ नेसा, डोक्यावर पदर. तुमच्या हातून ज्योत पेटवू. शेतकरी विधवांच्या वतीनं तुम्ही.”

पंचफुलाबाई म्हणाल्या, “साहेब, मी विधवा हाये. शेतकऱ्याची नाई. माहा मानूस ट्रकवर होता.”

“ते चालेल हो. लोकांना काय कळतंय?”

“लोकाईले नाई कळलं तरी त्याले कळन ना. मेला म्हनून काय झालं, त्याचं काम बदलत नाई.” त्यांचा आवाज चढला नव्हता. “आन् मी पयाची कवा?”

“पळणारे वेगळे आहेत. त्यांची नोंदणी झालीय, टी-शर्ट आलेत. तुमच्या बायकांनी वाटलं तर पाणी द्यावं वाटेत.”

“म्हंजे आमच्याच मैदानात आमी पानी द्याचं, आन् रडाचं?”

अध्यक्ष गोंधळले. “रडायचं कुठं म्हटलं मी?”

“पांढरं पातळ म्हनलं ना तुमी.” त्या उठल्या. “पयाले बोलावलं असतं त आली असती. रडाले दुसरी कोनी पाहा.”

त्या रविवारी उद्यानात मंडप पडला. लाउडस्पीकर, हार, खुर्च्या. दीड-दोनशे लोक सारख्या रंगाच्या टी-शर्टमध्ये. लोकांना पाचलाच बोलावलं होतं, पण प्रमुख पाहुणे उशिरा आले आणि सहाच्या तोंडाला भाषणं सुरू झाली. आमची वेळ सहाची. पंचफुलाबाई नेहमीप्रमाणं सागाला हात लावून खोकल्या. मंडपातल्या काही लोकांनी वळून बघितलं. मग शर्ट-लुगड्यातल्या अकरा बायका, चार मुली, कंपाउंडर आणि शेवटी मी, असे आम्ही निघालो.

आमची वाट स्टेजच्या पुढूनच जात होती, त्याला आमचा इलाज नव्हता. पहिल्या फेरीला पाहुणे ‘बळीराजा’ म्हणता म्हणता थांबले आणि आम्ही जाईपर्यंत बघत राहिले. दुसऱ्या फेरीला ते पुन्हा थांबले. तिसऱ्या फेरीला खुर्च्यांमधून हशा उठला, आणि टी-शर्टमधली पोरं चुळबुळ करू लागली. चौथ्या फेरीला त्यांतलं कुणीतरी उठलं. एक, मग पाच, मग ओळच्या ओळ. बोलावलं होतं पळायला आणि तासभर बसवून ठेवलेलं. त्यांचा तरी काय दोष? आम्ही बांधावर पोचलो तेव्हा मागं शंभरेक माणसं पळत येत होती आणि लाउडस्पीकरवरून अध्यक्षांचा आवाज येत होता, “कृपया जागेवर बसा, अजून झेंडा दाखवलेला नाही.”

पंचफुलाबाई मागं वळून बघत म्हणाल्या, “पाह्य व पोरी, आज तू मांगं नाई.”

त्या दिवसापासून मी ‘मॅडम’ची ‘पोरी’ झाले आणि त्या माझ्या मावशी.

पुढच्या रविवारी फाटकाला कुलूप होतं. दौलतभाऊ बाहेर उभे होते, चेहरा पडलेला. “बाई, वरून ऑर्डर आली. उद्यानात समूहानं येनं बंद. एकेकटं फिराचं असन त आठनंतर.” आठनंतर म्हणजे बायकांची धुण्याभांड्याची वेळ, ऊन, सगळंच आलं. कुणीतरी दौलतभाऊंशी वाद घालू लागलं. पंचफुलाबाईंनी त्याला गप्प केलं.

“त्याच्याशी कायले भांडता? कुलूप त्यानं थोडीच लावलं? त्याले फकस्त धरून उभं केलं.” मग त्यांनी उद्यानाच्या तारेच्या कुंपणाकडे हात केला. “आत नाई त भाईर. तारेच्या संगं संगं चाला.”

बाहेरून फेरी जवळजवळ दोन किलोमीटरची होती. एका बाजूला डांबरी रस्ता आणि ट्रक, दुसऱ्या बाजूला बाभळी, कारखान्यांच्या सांडपाण्याचा नाला, वाटेत पडलेली खडी. पहिल्याच दिवशी मी आपटले आणि गुडघा फुटला. पंचफुलाबाईंनी माझा गुडघा बघितला, आपल्या शर्टाच्या बाहीनं पुसला आणि विचारलं, “चालता येते?”

“येतं.”

“मंग हे काई नाई.”

नऊ रविवार आम्ही कुंपणाबाहेरून पळालो. काहीजण गळाले, ट्रॅकपँटवाले दोघे आठनंतर आत फिरू लागले. पण ट्रकवाले आम्हाला ओळखू लागले, हॉर्न न वाजवता कडेनं जाऊ लागले. वस्तीतल्या आणखी बायका आल्या. आणि कधी नव्हे ती वंदना आली. नवऱ्याला न विचारता आली होती. सासूनं तिला स्वतःचा दुसरा शर्ट काढून दिला.

दरम्यान मी आणि पंचफुलाबाई वनखात्याच्या कार्यालयात गेलो. तरुण अधिकारी होते, नीट बोलले. म्हणाले, तक्रार आलीय, गर्दीमुळं झाडांना त्रास होतो.

“सायेब, उद्यान कोनासाठी हाये?”

“जनतेसाठी.”

“मंग आमी कोन हावो?”

अधिकारी हसले. “मावशी, अर्ज करा. मी वर पाठवतो.”

अर्ज मी लिहायला घेतला. त्यांच्याच घरी, पाटावर कागद ठेवून. सवयीनं ‘आपणांस नम्र विनंती करण्यात येते की’ असं लिहिलं आणि वाचून दाखवलं.

“खोड थे,” पंचफुलाबाई म्हणाल्या.

“काय?”

“विनंती. पयाले कायची विनंती? आमी कोनाचं झाड तोडून नाई राह्यलो. लिव्ह, ‘कळवतो’.”

“मावशी, सरकारी अर्ज असा नसतो.”

“मंग हा अर्ज नसन. लिव्ह तू. येत्या रईवारी सकाळी सहा वाजता आमी नेहमीसारखे आत येऊन राह्यलो, हे तुमाले कळवतो. खाली नावं. बस.”

मी नव्यानं लिहिलं. बेचाळीस जणांनी सह्या केल्या, काहींनी अंगठे. जिनिंगमध्ये हजेरीला बावीस वर्षं अंगठा देणाऱ्या पंचफुलाबाईंनी त्या दिवशी सही केली. वंदनानं आठवडाभर शिकवली होती. ‘फु’चा उकार लांबच लांब गेला होता. मी आणि त्या, दोघींनी जाऊन कागद दिला आणि पोच घेतली.

रविवारी सहाला फाटकाबाहेर साठेक माणसं होती. आतल्या बाजूला दौलतभाऊ. मला खरं सांगायचं तर भीती वाटत होती. माझी सरकारी अनुदानावरची नोकरी, परक्या गावात एकटी. पोलीस आले तर काय, हा विचार रात्रभर छळत होता. पंचफुलाबाई फाटकापाशी गेल्या. दौलतभाऊंनी फाटक ओढलं, ते उघडलं.

“कुलूप?” कुणीतरी विचारलं.

“सायेब म्हनले, कुलूप गंजलं हाये, काढून ठेव. नवीन येईन तवा लावू.” दौलतभाऊंनी चेहरा अगदी कोरा ठेवला होता.

नवीन कुलूप त्यानंतर कधी आलं नाही. पंचफुलाबाई आत शिरताना एवढंच म्हणाल्या, “सायेब हुशार हाये. हारला बी नाई आन् आडवा बी नाई.”

त्यानंतरची दोन वर्षं म्हणजे आमच्या रविवारांची भरभराट होती. शंभराच्या वर माणसं यायची. पण पंचफुलाबाईंचा खोकला आता दोन-तीन मिनिटांत आवरेना. सागाला दोन्ही हात लागू लागले. चार फेऱ्यांच्या तीन झाल्या, मग दोन. एका सकाळी बांधावर त्या खाली बसल्या आणि ओठ निळे पडले. प्रकाशला निरोप गेला. तो गॅरेजमधली कुणाची तरी रिक्षा घेऊन थेट तलावापर्यंत आला, आईला उचलून घेतलं, आणि मी त्याच रिक्षात बसले.

मोठ्या दवाखान्यात तपासण्या झाल्या. एक तरुण डॉक्टर कागद भरत होता. त्यानं विचारलं, “आजी, स्वयंपाक चुलीवर करता ना?”

“हाव.”

त्यानं लिहिलं. पंचफुलाबाईंनी ऑक्सिजनची नळी नाकापासून बाजूला केली आणि मला म्हणाल्या, “काय लिव्हलं वाच.”

मी वाचलं. आजाराचं कारण म्हणून चुलीचा धूर लिहिला होता.

“डॉक्टर, तुमी मले काम नाई इचारलं.”

“आजी, त्यानं औषधात काही फरक पडत नाही.”

“तुमाले नसन पडत. मले पडते.” एकेक शब्दाला त्या थांबत होत्या. “जिनिंग. बावीस वर्स. कापसाच्या ढिगात. लिव्हा.”

डॉक्टरनं माझ्याकडे बघितलं. पण बोलला तो प्रकाश, खाटेच्या पायथ्याशी उभा राहून. आयुष्यात पहिल्यांदाच मी त्याचा आवाज चढलेला ऐकला. “लिव्हा ना साहेब! माही माय सांगून राह्यली ना!”

डॉक्टरनं लिहिलं. आणि लिहून झाल्यावर, हे त्याच्याविषयी सांगायला हवं, त्यानं पेन खाली ठेवून नीट विचारलं, “तुमच्याबरोबर अजून किती बायका होत्या तिथं?”

पुढच्या महिनाभरात मी आणि वंदनानं त्या दहाही जणींना एकेक करून दवाखान्यात नेलं. चौघींच्या छातीत तेच निघालं. त्यांना औषधं सुरू झाली, वेळेत सुरू झाली. जिनिंगच्या मालकाकडून काही मिळालं का, असं लोक विचारतात. नाही मिळालं. फाटक अजून बंदच आहे. पण पंचफुलाबाईंना त्याचं वैषम्य नव्हतं. घरी आल्यावर उशाला टेकून त्या म्हणाल्या, “इतकी वर्स वाटे, आपलंच काईतरी चुकलं, आपलंच आंग कमजोर. आता कागदावर हाये. आपलं आंग नाई चुकलं.”

त्यानंतर त्या पळाल्या नाहीत. डॉक्टरांनी मनाई केली होती आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी एक मनाई मानली. तरी रविवारी त्या यायच्या, दौलतभाऊंच्या खुर्चीवर बसायच्या, प्रत्येकाला नावानं हाक मारून काहीतरी खोड काढायच्या. “कंपाउंडर, पोट सांभाय.” “पोरी, हात झाडू नको, पाखरं हाकलून राह्यली का?” सगळ्यांच्या मागं राहणाऱ्याची जबाबदारी त्यांनी वंदनावर सोपवली होती.

फाल्गुनात, टेकडीवरचे पळस लाल झालेले असताना, एका गुरुवारी सकाळी त्या गेल्या. वंदनाकडे चहा मागितला आणि चहा येईपर्यंत गेल्या.

दुपारी वस्तीतल्या समाजमंदिरापुढं लोक जमले. बुद्धवंदना झाली, भंतेजींनी त्रिशरण म्हटलं. प्रेत उचलायची वेळ आली तेव्हा जिनिंगमधल्या दहाही जणी पुढं आल्या. कुणी ठरवलं होतं असं मला वाटत नाही. एक वयस्क नातेवाईक, बाहेरगावाहून आलेले, म्हणाले, “बायाईनं खांदा कायले द्याचा? मानसं मेली का सारी?”

सगळे प्रकाशकडे बघू लागले. त्याचे डोळे सुजले होते. तो म्हणाला, “मामा, तुमी बी या. पन एक बाजू त्याईची राहीन.” मग माझ्याकडे वळला. “ताई, तुमी वंदनाच्या मांगं लागा.”

माझे वडील सांगलीत वारले तेव्हा मी बत्तीस वर्षांची होते, शिकलेली, कमावती. चुलत्यांनी मला सांगितलं, मुलींनी दारापर्यंतच यायचं. मी दारापर्यंतच गेले. चौकटीला धरून उभी राहिले आणि गल्लीच्या वळणावर वडील दिसेनासे होईपर्यंत बघत राहिले. त्याबद्दल मी कधी कुणाशी बोलले नव्हते.

लोहाऱ्याची स्मशानभूमी वस्तीपासून बरीच लांब, औद्योगिक वसाहतीच्या पलीकडे आहे. भर उन्हात बंद कारखान्यांच्या भिंतींच्या कडेनं आम्ही चाललो. डाव्या बाजूला अकरा बायका आणि मी, खांदे पालटत. वाटेत रस्त्याकडेची माणसं उठून उभी राहत होती. काही नमस्कार करत होती, काही नुसतीच रोखून बघत होती. बांबूनं माझा खांदा सोलला. वंदनानं एकदा मागं वळून विचारलं, “ताई, सोडता का? दुसरी धरन.”

“नाही,” मी म्हणाले. आणि शेवटपर्यंत सोडला नाही.